खिळ्यावरची रोटी

आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी एक खिळा आहे. घरात आलेला माणूस जोडे काढता काढताच त्या खिळ्याकडे बघायचा आणि विचारायचा, इल्होमचं काय, कधी येतोय? माझी तब्येत, ह्यांचा खोकला, सगळं त्यानंतर. कारण त्या खिळ्यावर माझ्या मुलाची रोटी टांगलेली होती. परदेशी निघताना उंबऱ्यात उभं राहून त्याने तिचा एक घास दातांनी तोडला होता. उरलेली मी पांढऱ्या फडक्याची झोळी करून, चावलेली कड दिसेल अशी टांगली. तो परत येईल तेव्हा उरलेली खाईल. तोवर तिला कुणी बोट लावायचं नाही, हे आमच्या कोकंद शहरात लहान पोरांनाही सांगावं लागत नाही. हे फौजेत गेले तेव्हा सासूबाईंनी ह्यांची रोटी अशीच टांगली होती. परत आल्यावर ह्यांनी ती वाळून टणक झालेली रोटी मुसळीने फोडली, रश्शात भिजवली आणि सगळ्या गल्लीसमोर चाटूनपुसून खाल्ली.

तर इल्होमची ती रोटी माझ्या नवऱ्याने खाल्ली.

मी असं एकदम सांगते आहे, कारण मलाही ते असंच एकदम कळलं. पण आधी पाकिटाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूस वेडा होता. वेडे नाहीत. हमदम पत्रेवाले म्हटलं की अर्धं कोकंद ओळखतं. पन्हाळी, बादल्या, नवऱ्या मुलीच्या पेट्या, सगळं ह्यांच्या हातचं. एकच खोड होती. सकाळी डोळा उघडायच्या आधी हात उशाखालच्या सिगारेटच्या पाकिटाकडे जायचा. एकीवर दुसरी पेटायची. शर्टाचे सगळे खिसे डाव्या बाजूला ठिणग्यांनी भोकं पडलेले, आणि ठिगळं लावायला मी. पुढे खोकला सुरू झाला, तो असा की बोलता बोलता भिंत धरावी लागायची. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि ह्यांना नाही, मला दाखवला. मी रडले, भांडले, पाकिटं चुलीत घातली. ह्यांनी नवी आणली.

इल्होम कोरियाला निघाला त्या सकाळी अंगणात नातेवाईक, शेजारीपाजारी, सगळे जमले होते. त्याने रोटीचा घास तोडला. मी रोटी परत घ्यायला हात पुढे केला तर तो थांबला, बापाकडे वळला आणि त्यांच्या छातीवरच्या खिशात हात घालून त्याने पाकीट काढून घेतलं. सगळे हसले. हेही हसले, आधी.

"बाबा, मी माझी रोटी इथे ठेवून चाललोय," तो म्हणाला. "तुम्ही तुमचं पाकीट ठेवा. मी येऊन रोटी संपवीन, तेव्हा तुम्ही हे चुलीत टाका. तोवर तुम्ही शब्द मोडायचा नाही, मी मोडायचा नाही."

उंबऱ्यात, हातात रोटी असताना दिलेला शब्द. तिथे थट्टा चालत नाही, हे सगळ्यांनाच कळलं. ह्यांनी पाकिटाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. मी त्याच खिळ्याला दोरीने पाकीट बांधलं. आत काही कांड्या शिल्लक होत्या. त्या इल्होमने मोजून घेतल्या होत्या, बापाला चांगला ओळखून होता म्हणून.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते शत्रूच्या घरीही होऊ नये. दळताना जातं ओरडावं तसे हे ओरडायचे, मीठ कमी म्हणून, दार वाजलं म्हणून, मी श्वास घेतला म्हणून. चहाखान्यातल्या मित्रांनी सांगितलं, नोस घे, जिभेखाली ठेवायची हिरवी भुकटी, तिला धूर नाही, तेव्हा ती तंबाखू नव्हेच. ह्यांनी ठेवली, बसल्या जागी पांढरेफटक पडले आणि माझ्या गुलाबाच्या वाफ्यात ओकले. मी म्हटलं, वा, सुटली एकदाची. मग मी दही वाळवून कुरुताच्या गोळ्या केल्या, चांगल्या खारट, दगडासारख्या टणक. एक गालात धरली की बराच वेळ पुरते. सूर्यफुलाच्या बिया झाल्या. जर्दाळूच्या बिया फोडून झाल्या. अंगणात पाऊल ठेवलं की टरफलं कुरकुर वाजायची. नजर उतरवायला मी इसिरिकच्या वाळक्या पाल्याची धुरी फिरवू लागले की हे त्या तव्यामागे खोलीखोलीतून नाक पुढे करून फिरायचे. शेवटी मी धुरी द्यायचंच बंद केलं.

खरा उपाय सापडला तो पत्र्याचा. तलफ आली की हे उठायचे, पत्रा घ्यायचे आणि ठोकत सुटायचे. पाणी उकळून चहा होईपर्यंत ठोकलं की ती जाते, म्हणायचे. माझ्या नवऱ्याची तलफ सगळ्या गल्लीला ऐकू यायची. माझी जाऊ मुकद्दम ह्यांना अका, म्हणजे दादा, म्हणते. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "वहिनी, हमदमअकांना आज फार आलीय का?" घरात बादल्या इतक्या झाल्या की भेट म्हणून वाटल्या. पण पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. रोज त्यासमोर उभे राहायचे, हे मला ठाऊक होतं. उभे राहायचे आणि वळायचे. खोकला हळूहळू खाली बसला. भिंत धरायची सवय गेली. मी तोंडावर कधी बोलले नाही, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला माझ्या नवऱ्याचा नव्याने अभिमान वाटायला लागला होता.

दर रविवारी इल्होमचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. कारखान्याच्या वसाहतीत आत नीट लागत नाही म्हणून तो गच्चीवर उभा राहून बोलायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबा, खिळा दाखवा." हे पाकीट काढायचे, उघडून फोनसमोर धरायचे. तो मोजायचा आणि म्हणायचा, शाबास. मग मी फोन रोटीसमोर धरायची. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघायची आणि माझा जीव तुटायचा. टोपी घाल, गळ्याभोवती गुंडाळ, काय मेला थंडीचा देश. मी मेंढीच्या लोकरीचे मोजे विणून जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवले. त्याने ते पायात घालून दाखवलेही.

दोन वर्षांसाठी गेला होता. दोन वर्षं झाली, तो म्हणाला, मालक सोडत नाही, पुढच्या वसंतात. वसंत आला, तो म्हणाला, शरदात. मुकद्दमची मुलगी त्याच देशात आहे. ती दोनदा येऊन गेली, बाळंतीण होऊन परत गेली. माझा मुलगा येईना. मी त्या रोटीकडे बघून स्वतःची समजूत घालायची. तो विसरला तरी त्याचा घास विसरणार नाही, ओढून आणेल त्याला.

आता तो दिवस. तुती पिकल्या होत्या, म्हणजे उन्हाळा लागलेला. गल्लीत एका घरी बारसं होतं. मी जेवायला गेले आणि ह्यांच्यासाठी झाकलेली पुलावाची थाळी घेऊन दुपारी परत आले. अंगणात शुकशुकाट. ना पत्रा, ना हातोडी. मला वाटलं, झोपलेत. बैठकीत पाऊल टाकलं आणि आधी, सवयीने, खिळ्याकडे बघितलं.

पाकीट होतं. फडकं नव्हतं.

फडकं खाली सतरंजीवर पसरलेलं होतं आणि त्यावर चुरा. शेजारी चहाची वाटी. आणि वाटीशेजारी भिंतीला टेकून माझा नवरा बसलेला, डोळे मिटलेले, जबडा हलतोय. त्यांनी रोटी मुसळीने फोडली होती आणि चहात बुडवून खाल्ली होती. चुकून एखादा तुकडा तोंडात टाकला असता तर मी समजू शकले असते. पण मुसळी बाहेर काढलेली, वाटी मांडलेली. म्हणजे बैठक मारून, बेत करून.

थाळी कशी खाली ठेवली ते आठवत नाही. ह्यांनी डोळे उघडले. मला बघितलं, मग फडक्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला, जणू त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

"मी ओढली नाही," ते म्हणाले. "सलोमत, बघ, पाकीट तसंच आहे. मोज."

बोलताना ओठाला चिकटलेला चुरा खाली पडला. तो माझ्या मुलाच्या रोटीचा चुरा होता.

मग थोडंथोडं सांगितलं त्यांनी, जमिनीकडे बघत. इल्होमचा निरोप आला होता, ह्यांच्या फोनवर, लिहून. शरदातही जमणार नाही, बाबा, आणखी दोन वर्षांचं कबूल केलंय, आईला तुम्हीच हळूच सांगा. तो वाचला आणि तलफ आली, आजवर आली नव्हती अशी. पत्रा संपलेला होता. कुरुताच्या गोळ्या संपलेल्या. हे खिळ्यासमोर गेले, पाकीट हातात धरलं, झाकण उघडलं. नाकाशी नेलं. "मग मी ते परत ठेवलं," ते म्हणाले. "पण दातांना काहीतरी हवंच होतं. शेजारी तीच होती."

पोरगा आणखी दोन वर्षं येत नाही, हे मी त्याच श्वासात ऐकलं. पण खरं सांगू? त्या क्षणी मला ते लागलंच नाही. मला फक्त रिकामा खिळा दिसत होता. दोन वर्षं काय, आता तो येईलच कशाला? ज्याच्यासाठी यायचं ते बापाच्या पोटात गेलं होतं. मी गुडघ्यांवर बसून चुरा वेचला, कण न् कण, कपाळाला लावला आणि पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीच्या माथ्यावर पाखरांना ठेवून आले. ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. जेवण वाढायची, भांडं आपटायची आणि निघून जायची.

मुकद्दमला सांगितल्याशिवाय राहवेना. ती तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. मग तिने मला धीर देण्याच्या नादात काय सांगावं? तिच्या माहेरच्या गल्लीत एकीच्या मुलाची रोटी उंदरांनी खाल्ली, तर तो मुलगा परत आला तो शवपेटीतून. तिला माझं तोंड बघून चूक कळली, मग घाईघाईने म्हणाली, बाजारातून दुसरी आणू, पत्र्यावर वाळवू, आपणच चावून टांगू, फोनवर कुणाला कळतंय. मी नाही म्हटलं. रोटी हातात धरून आपण शपथ घेतो. त्याच रोटीवर खोटे दात उमटवले तर डोळे फुटतील माझे. मी ते करणार नव्हते.

आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. ह्यांचा पत्रा बंदच होता. बसून राहायचे, आणि मधेच हात छातीवरच्या खिशाकडे जायचा, तो चाचपायचे आणि हात खाली यायचा. तो खिसा इतकी वर्षं रिकामा होता, आता फुगलेला दिसत होता. मी मनात म्हटलं, झालं, सुरू केली. रोटीही गेली आणि शब्दही गेला. विचारलं मात्र नाही, कारण अबोला माझाच होता आणि तो मोडायची माझी तयारी नव्हती.

रविवारी सकाळी मुकद्दम भिंतीवरून सांगत होती, तिची लेक तिकडे उकाड्याने हैराण आहे, पंख्यासमोरून हलत नाही. मी हूं हूं केलं. माझं लक्ष फोनकडे होतं. दुपारी तो वाजला तेव्हा मी तो घेऊन अंगणात द्राक्षवेलाखाली बसले, म्हणजे मागे खिळ्याची भिंत दिसायला नको.

इल्होम गच्चीवर उभा होता. खाली बघत होता, निरोपाचं मला कळलंय की नाही याचा अंदाज घेत. मी म्हटलं, कळलंय सगळं, जेवलास का? तो हो म्हणाला आणि मग इकडेतिकडे बघून, "बाहेर का बसलीस? बाबा कुठेत? खिळा दाखव ना."

हे दारात येऊन उभेच होते. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि शेजारी सरकून बसले, दोघांची तोंडं दिसतील अशी.

"बाबा, खिळा?"

ह्यांचा हात छातीवरच्या खिशावर गेला.

"बाबा, ओढलीत ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्याशा नजरेत मला सगळं समजलं. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न रोटीचा येणार. रोटी गेल्याचं ऐकून परक्या मुलखात एकटा पोरगा काय धसका घेईल? मी घेतला होता तेवढाच.

"हो," हे म्हणाले. "ओढली."

त्या माणसाकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. पत्रा ठोकून ठोकून, कुरुत चघळून, गल्लीभर हसं करून घेऊन ती मिळवली होती. ती त्यांनी एका शब्दात टाकून दिली, आणि तीही अशा आवाजात, की जणू बादलीची किंमत सांगताहेत.

मला वाटलं, इल्होम आता चिडेल, बापाला बोलेल, रडेलसुद्धा. तो हसला. इतका मोकळा हसला की मी त्याला तसं हसताना तो गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"बरं झालं, बाबा," तो म्हणाला. "बरं झालं. म्हणजे सुटलो. तुम्ही मोडलंत, आता मीही बांधलेला नाही. दोघंही सुटलो."

बांधलेला? मी इतके दिवस समजत होते, त्या रोटीच्या ओढीने तो येईल. आणि माझ्याच पोटच्या पोराला ती तुटल्याचा आनंद झाला होता. मी ह्यांच्या हातातून फोन हिसकावला.

"ह्यांनी ओढली नाही," मी म्हटलं. "एकही नाही. खोटं बोलताहेत तुझ्यासाठी. ओढू नये म्हणून तुझी रोटी खाल्ली त्यांनी. चहात बुडवून."

त्याचं हसू तोंडावरच वाळलं. तोंड जरा उघडं राहिलं आणि त्यातून वाफ आली, नेहमीसारखी, हळूहळू, त्याच्या गालावरून वर गेली. मी ती बघत राहिले. त्याच्या अंगात बिनबाह्यांचा बनियन होता. कपाळावर घाम होता. आणि मुकद्दमची लेक पंख्यासमोरून हलत नव्हती.

"इल्होम," मी म्हटलं, "ती वाफ कसली आहे?"

त्याने मान फिरवली. तेव्हा मला आठवलं, दर रविवारी, दर हिवाळ्यात, दर उन्हाळ्यात, त्याचा एकच हात मला दिसायचा. टोपी घाल म्हणत होते मी. मोजे विणत होते.

मग तो बोलला, पाठमोराच. पहिल्याच हिवाळ्यात लागली. कारखान्यात मध्ये सुट्टी नाही. जो ओढतो त्याला फोरमन तेवढ्यापुरतं बाहेर सोडतो, जो ओढत नाही त्याने यंत्रापाशी उभं राहायचं. सगळे बाहेर जायचे. एकदा हाही गेला, नुसता हवा खायला, हातात धरायला म्हणून एक घेतली. आता उठल्या उठल्या लागते. "तुम्ही दर रविवारी पाकीट दाखवायचात, बाबा," तो म्हणाला, "आणि मी इकडे दुसऱ्या हातात धरून मोजायचो. दोनदा तिकीट काढायला गेलो होतो. त्या खिळ्यासमोर तुमच्या शेजारी कुठल्या तोंडाने उभा राहू? मालक सोडत नाही, ते खोटं आहे."

आमच्यात मुलगा बापासमोर पाय पसरून बसत नाही. सिगारेट तर लांबची गोष्ट. त्याने ते बापाला ऐकवलं होतं, बापाच्या देखत, हातात असताना. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी भीत भीत ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे उठून जातील आणि त्याचं नाव पुन्हा घेणार नाहीत.

ह्यांनी माझ्याकडून फोन परत घेतला.

"आत्ता हातात आहे?"

"हो."

"विझव."

त्याचा खांदा हलला. "विझवली."

"इकडे बघ." तो वळला. डोळे लाल. "उद्या परत ओढशील," हे म्हणाले, साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला पन्हाळीचं काम समजावावं तसे. "मला माहीत आहे. मी रोज त्या पाकिटासमोर उभा राहतो. तुझी आई समजते, मी जिंकलो. कुठलं काय. तलफ येते ना, तेव्हा तिच्याशी भांडायला जाऊ नको, भांडलं की ती मुक्कामच ठोकते. पाहुणी समज. पाणी उकळून चहा होईपर्यंत बसते, मग आपली आपण उठते. तेवढा वेळ हाताला काम दे, तोंडाला काहीतरी दे. फोरमन ओढणाऱ्यांनाच बाहेर सोडत असेल तर त्यांच्याबरोबर बाहेर जा आणि नुसता उभा राहा, कुरुत चघळत. आई पाठवेल."

"आणि नाहीच उठली तर?"

"नाहीच उठली तर माझ्यासारखं काहीतरी मूर्खासारखं करशील. कर. पण ओढू नको."

इल्होम हसायला गेला आणि रडला. मीही. ह्यांचे डोळे कोरडे होते, पण हात पुन्हा छातीवरच्या खिशाकडे गेला. या वेळी आत गेला. आता पाकीट निघतंय, मला वाटलं.

निघाला तो रुमाल. त्यात गुंडाळलेला रोटीचा तुकडा, तळहाताएवढा. त्याच्या एका कडेला अर्धा चंद्र, आणि त्यावर माझ्या मुलाचे दात.

"एवढी नाही खाता आली," हे म्हणाले. फोनला म्हणाले की मला, ते कळलं नाही. "इथे याचे दात होते. त्यावर माझे दात कसे ठेवू?"

सगळा आठवडा तो तुकडा त्या खिशात होता, माझ्या हातभर अंतरावर, आणि मी अबोला धरून बसले होते. मला एकदम इतकी लाज वाटली आणि त्या माणसाची इतकी माया आली, की दोन्ही एकदम कशी सहन करायची ते कळेना. मी रुमाल घेतला. फडकं धुऊन ठेवलेलं होतं, ते आणलं. तुकडा आत बसवला, चावलेली कड वर, आणि खिळ्याला टांगला, पाकिटाशेजारी. ह्यांनी मागून फोन धरला होता, म्हणजे त्याला दिसावं. तो बघत होता. वाफ नव्हती.

"दिसली?" मी विचारलं.

"दिसली, आई."

"मग लवकर ये," मी म्हटलं. "एवढीच उरलीय, आणि तुझ्या बापाची तलफ अजून गेलेली नाही."